भिंत पडली त्या रात्रीचा सिनेमा

डाव्या मित्रांचं एक जुनं पालुपद आहे : आधी वर्गलढा जिंकू, मग जात, बाई, लैंगिकता हे प्रश्न आपोआप सुटतील. ते सुटले का, हे तपासायला पूर्व जर्मनीतला एक सिनेमा पुरेसा आहे.

त्या राज्याने काहीच दिलं नाही, असं नाही. बायकांना नोकऱ्या आणि पाळणाघरं दिली, १९७२ साली गर्भपाताचा हक्क दिला. १९६८ साली प्रौढ पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण कायद्यातून गुन्हा गेला, म्हणून पडद्यावर माणूस आला नाही. 'डेफा' ही सिनेसंस्था सरकारी होती. तिचा समलिंगी प्रेमावरचा पहिला कथापट, हायनर कारो यांचा 'कमिंग आउट', यायला १९८९ उजाडलं. तोवर राज्याला ४० वर्षं झाली होती.

नायक शिक्षक आहे. सहकारी शिक्षिकेशी त्याचं नातं आहे आणि तो एका तरुणाच्या प्रेमात पडतो. बारमध्ये एक म्हातारा त्याला आपली कहाणी सांगतो. समलिंगी म्हणून नाझींनी त्याला छळछावणीत टाकलेलं. तिथे कम्युनिस्ट कैद्यांनी त्याला वाचवलं, पुढे तोही कम्युनिस्ट झाला, नवा समाज उभारायला राबला. शोषण संपवलं, पण आपल्यासारख्यांना मात्र सगळे विसरले, ही त्याची खंत. हे बोलणारा क्रांतीचा शत्रू नाही, तिचाच कार्यकर्ता आहे!

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनमध्ये या सिनेमाचा पहिला खेळ झाला. त्याच रात्री भिंत खुली झाली. वर्षभरात ते राज्यच उरलं नाही.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच समाजवाद्यांना विचारलं होतं : क्रांतीनंतर समान वागणूक मिळेल याची खात्री नसेल, तर माणूस क्रांतीत कशाला येईल? त्याआधी १९३४ साली स्टालिनच्या रशियाने पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. त्याच वर्षी मुंबईत बाबासाहेब र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चा खटला लढत होते. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिल्याबद्दलचा तो खटला. तो हरले, पण बाजू सोडली नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू. 'आधी जात संपू द्या, मग तुमचं बघू' असं आपल्याच वस्तीतल्या तृतीयपंथी किंवा समलिंगी भीमसैनिकाला आपण सांगतो, तेव्हा आपणही तेच पालुपद गात असतो. त्याने कोणाच्या क्रांतीची वाट बघायची?

जयभीम!