हॅकिंटॉशची कुळकथा

१९९३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने कॉम्प्युटर बनवणं थांबवलं. तिची काळी देखणी यंत्रं महाग होती आणि खपत नव्हती. हाती उरली ती यंत्र चालवणारी प्रणाली, नेक्स्टस्टेप. तिच्या गाभ्यात माक नावाचा कर्नल होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्या चमूने तो घडवला, त्यातले ॲव्ही टेव्हेनियन नेक्स्टमध्येच होते. त्याच वर्षी नेक्स्टस्टेप इंटेलच्या ४८६ चिपवर, म्हणजे बाजारात कुणालाही मिळणाऱ्या पीसीवर चालू लागली. आजच्या मॅकओएसची ही सख्खी आजी. हॅकिंटॉश म्हणजे मॅकची प्रणाली चालवणारा, आपण स्वतः सुटे भाग जुळवून उभा केलेला पीसी. त्याची कुळकथा २००५ च्या फोडाफोडीपासून सांगतात, पण मुळं इथवर जातात.

१९९६ च्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. नेक्स्टस्टेपवरून घडवलेली ‘रॅप्सडी’ १९९७-९८ मध्ये डेव्हलपरांच्या हाती आली, तेव्हा तिच्या दोन आवृत्त्या होत्या. एक पॉवरपीसी चिपच्या मॅकसाठी, दुसरी साध्या इंटेल पीसीसाठी. १९९९ चा मॅक ओएस एक्स सर्व्हर मात्र फक्त पॉवरपीसीसाठी निघाला आणि इंटेलची फांदी बाहेरच्यांना दिसेनाशी झाली. एक दार तेवढं उघडं राहिलं. त्याच १९९९ साली ॲपलने प्रणालीचा तळ, ‘डार्विन’, मुक्त स्रोत म्हणून खुला केला आणि नंतर तो इंटेलवरही चालू लागला. त्यात वरचा दर्शनी भाग, म्हणजे डॉक, फाइंडर, नव्हता, पण कर्नल होता. पुढे बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणालीला उठवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना त्याचाच आधार झाला.

ॲपलच्या आत काय शिजत होतं ते कळायला २०१२ उजाडलं. जे. के. शाइनबर्ग या तिथल्या इंजिनीअरांच्या पत्नी किम यांनी त्या वर्षी ही हकीकत लिहिली. लहान मुलाला आजी-आजोबांचा सहवास मिळावा म्हणून कुटुंबाला कॅलिफोर्निया सोडून पूर्वेकडे जायचं होतं. घरी बसून एकट्याने करता येईल असं काम जे. के. यांना हवं होतं, म्हणून त्यांनी २००० साली मॅकची प्रणाली इंटेलवर उतरवायला घेतली. २००१ संपता संपता त्यांनी वरिष्ठांसमोर एका पीसीवर मॅक सुरू करून दाखवला. त्यांतले एक, बर्ट्रांड सर्ले, यांनी तो सोनीच्या वायो लॅपटॉपवर चालवून पाहायला सांगितलं. दुकानातून वायो आणला गेला, त्यावरही मॅक चालला, आणि जॉब्स सोनीच्या प्रमुखांना भेटायला जपानला निघाले, असं किम सांगतात.

मला या कुळकथेतली ही सगळ्यात मोलाची जागा वाटते. परक्या कंपनीच्या मशीनवर आजची मॅक प्रणाली पहिल्यांदा उतरवली ती ॲपलच्या पगारी माणसाने, रीतसर काम म्हणून. नंतर जगभरच्या पोरांनी जे केलं, ते व्हायचं नव्हतंच असं कुणी म्हणू नये.

६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी मॅक इंटेलवर जाणार असल्याची घोषणा केली. डेव्हलपरांना तयारीसाठी ९९९ डॉलरला एक यंत्र वापरायला मिळालं, २००६ च्या अखेरीस परत करायच्या बोलीवर. बाहेरून ते पॉवर मॅक जी-५ चं ॲल्युमिनियमचं कॅबिनेट होतं, आत ३.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणि पीसी सुरू करणारा साधा बायॉस. म्हणजे कॅबिनेट काढलं की उरत होता एक पीसी. प्रणाली इतर यंत्रांवर चालू नये म्हणून बोर्डावरच्या टीपीएम चिपची तपासणी तेवढी ठेवलेली होती. काही आठवड्यांतच प्रणालीची प्रत बाहेर फुटली, तपासणी काढून टाकलेल्या प्रती फिरू लागल्या, आणि साध्या डेल-एचपीच्या यंत्रांवर टायगरचा, म्हणजे मॅकच्या तेव्हाच्या आवृत्तीचा, निळा पडदा दिसू लागला. ‘मॅक्सस’ या टोपणनावाच्या माणसाने एकामागून एक पॅच काढले. जानेवारी २००६ मध्ये खरे इंटेल मॅक आले, फेब्रुवारीत त्यांची प्रणालीही पीसीवर उतरली. ॲपलने कायद्याचा बडगा उगारला. प्रणालीच्या पोटात तिने फोडणाऱ्यांना उद्देशून एक छोटी कविताही लपवून ठेवली होती, चोरी करू नका अशी विनवणी करणारी.

आता यंत्राच्या आत डोकावू. चिप एकच असेल तर अडतं कुठे? तीन ठिकाणी. इंटेल मॅक ईएफआय या फर्मवेअरवरून सुरू होतो, तेव्हाच्या पीसीत बायॉस होता. इंटेल मॅकमध्ये एसएमसी नावाची एक चिप असते. फाइंडर आणि डॉकसारख्या मोजक्या फाइली कुलूपबंद असतात आणि त्यांची किल्ली तिच्याकडून घेतली जाते. तिसरी अडचण ड्रायव्हरांची, म्हणजे एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांची. ॲपलने स्वतः वापरलेल्या मोजक्याच भागांचे ड्रायव्हर प्रणालीत असतात.

सुरुवातीच्या काळात या तिन्हींवर उपाय एकच होता, प्रणालीच फोडायची. जॅस, कॅलीवे, आयएटीकॉस अशा नावांच्या डीव्हीडी फिरायच्या. त्यांत कर्नल बदललेला, ड्रायव्हर घुसडलेले, आणि आत आणखी काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. ॲपलचा अपडेट आला की बसलेली घडी विस्कटायची. २००८ च्या सुमारास वाट बदलली. डेव्हिड इलियट यांनी ॲपलच्याच खुल्या बूटलोडरवरून काम करून दुकानातली मूळ डीव्हीडी न फोडता सुरू करण्याची युक्ती दाखवली. नेटकस या टोपणनावाच्या माणसाने ईएफआयची नक्कल केली, एसएमसीचं सोंग घेणारा फेकएसएमसी लिहिला. त्या पायावर कॅमेलिअन आला, मग क्लोव्हर, आणि २०१९ मध्ये ॲसिडॅन्थेरा या गटाचा ओपनकोअर.

या मालिकेचा अर्थ असा, की हात प्रणालीवरून उठला आणि प्रणालीला दिल्या जाणाऱ्या माहितीवर आला. प्रत्येक मदरबोर्ड सुरू होताना प्रणालीच्या हाती तक्त्यांचा एक संच देतो. त्यातला मुख्य तक्ता डीएसडीटी. तो म्हणजे त्या बोर्डाचा सातबारा. कोणतं उपकरण कुठे, कुणाच्या नावावर, कुणाला कुठून रस्ता, सगळ्याची नोंद त्यात. पीसीच्या बोर्डावर या नोंदी विंडोजच्या सोयीने केलेल्या असतात. ओपनकोअर मूळ तक्ता न खोडता वर छोट्या पुरवण्या जोडतो, म्हणजे फेरफार घालतो. डिस्कवरची मॅक प्रणाली जशी ॲपलकडून आली तशीच राहते. फोडाफोडीकडून या नेटक्या कामाकडे यायला जेमतेम चौदा वर्षं लागली, आणि ते केलं बहुतेक फुकट राबणाऱ्या, टोपणनावाने वावरणाऱ्या माणसांनी. ही कारागिरी आहे आणि तिला त्याच मानाने पाहावं.

कायद्याचंही बोलायला हवं. ॲपलचा परवाना सांगतो, की प्रणाली ॲपलच्याच यंत्रावर बसवावी. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने २००८ मध्ये मॅक बसवलेले पीसी सरळ विकायला काढले. ॲपलने दावा लावला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला. घरी शिकण्यासाठी बांधणाऱ्याच्या मागे ॲपल कधी हात धुऊन लागली नाही, पण परवान्याचा शब्द त्यालाही लागू आहे. बांधणाऱ्याने हे जाणून बांधावं.

भंडाऱ्यात मी ही विद्या पाहिली ती लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे. फायनल कट प्रो एक्स जून २०११ मध्ये तीनशे डॉलरला आलं आणि ते मॅकखेरीज कुठे चालत नव्हतं. मॅक प्रो मात्र २०१३ मध्ये काळ्या नळकांड्याच्या रूपात आला, ज्यात नवं ग्राफिक कार्ड घालायची सोयच नव्हती. पुढची सहा वर्षं तोच चालला. २०१७ च्या एप्रिलमध्ये ॲपलने पत्रकारांना बोलावून ती रचना फसल्याचं मान्य केलं. नवा मॅक प्रो २०१९ मध्ये आला तो ५,९९९ डॉलरपासून पुढे. मधल्या वर्षांत आठव्या पिढीचा कोअर आय-५ आणि आरएक्स ५८० कार्ड नागपूरला सीताबर्डीवर जाऊन आणलं, की त्याच्या कितीतरी कमी पैशांत तेच काम होत होतं. आरएक्स ५८० च का, तर २०१७ च्या आयमॅकमध्ये त्याच कुळातली चिप होती, त्यामुळे ड्रायव्हर आयते मिळायचे. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून दार बंद झालं.

खात रोडवरच्या एका स्टुडिओतलं असंच एक यंत्र ऐन लग्नसराईत अडलं. सफरचंद दिसायचं आणि पुढे काही नाही. “काल राती तं बरोबर चालू होता जी,” मालक म्हणाले. सगळ्यांचा संशय ओपनकोअरवर. आपण सफरचंदाऐवजी ओळी दिसतील अशी सोय केली, तर शेवटची ओळ निघाली ‘एक्झिट बीएस स्टार्ट’. ती ओळ सांगते, की बूटलोडरने आपलं काम संपवून ताबा सोपवला आहे आणि कर्नल पहिल्याच पावलाला अडखळला आहे. म्हणजे डिस्क ठीक, प्रणाली ठीक. बायॉसमध्ये गेलो तर तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल मेला होता. रात्री मेन स्विच बंद करायची स्टुडिओची पद्धत, त्यामुळे सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा झाल्या आणि सीएफजी लॉक पुन्हा चालू झाला. प्रोसेसरच्या वीज-नियंत्रणाच्या एका रजिस्टरमध्ये मॅकचा कर्नल स्वतः लिहू पाहतो. हा लॉक चालू असला की लिहिणं नाकारलं जातं आणि कर्नल तिथेच पडतो. नवा सेल घातला, लॉक बंद केला, यंत्र सुरू. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, एवढं त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो.

यूएसबीचं दुखणं याहून जुनं आणि बारीक आहे. यूएसबी उपकरणाचा पत्ता लिहिताना मॅक पोर्टच्या क्रमांकाला सोळा-अंकी पद्धतीतला एकच अंक देतो. शून्य म्हणजे ‘काही नाही’, म्हणून उरतात पंधरा. २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून ही मर्यादा काटेकोर झाली. पण त्या काळातल्या इंटेल कंट्रोलरवर सव्वीसपर्यंत पोर्ट असतात आणि यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं. पंधरा संपले की उरलेले दिसत नाहीत. पेनड्राइव्ह त्यांत सापडला तर इन्स्टॉलर ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’वर तासन् तास उभा. ज्या पेनड्राइव्हवरून तो निघाला, तोच त्याला दिसत नसतो. उपाय म्हणजे प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह घालून यादी करायची आणि आपल्याला लागणारे पंधरा निवडायचे. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्याच्या बोर्डाची यादी उतरवून घेणाऱ्याचं यंत्र हमखास झोपेतून उठत नाही.

२२ जून २०२० रोजी ॲपलने स्वतःच्या चिपांकडे जात असल्याचं सांगितलं. त्यांवर चालणारी प्रणाली बाजारातल्या पीसीवर उतरवायला समान पायाच राहिला नाही. ९ जून २०२५ रोजी जाहीर झालं, की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. १९९३ पासून कधी उघड, कधी गुप्त चालत आलेला इंटेलचा वंश इथे संपतो.

विद्या मात्र दुसऱ्या घरी नांदते आहे. ॲपलने सोडून दिलेले खरे जुने मॅक, २०१२ चे आयमॅक आणि मॅकबुक, ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून लोक नव्या प्रणालीवर चालवतात. पीसीला मॅक भासवण्यासाठी घडवलेलं हत्यार आज ॲपलच्याच यंत्रांना भंगारात जाण्यापासून वाचवतं. खात रोडच्या यंत्रावर आम्ही व्हेंचुरा ही जुनी आवृत्तीच ठेवली आहे. तिच्यानंतरच्या सोनोमाने ब्रॉडकॉमची जुनी वाय-फाय कार्डं सोडली, आणि त्याच कार्डावरून, फोनवरून एअरड्रॉपने क्लिपा घेणं हे स्टुडिओचं रोजचं काम. व्हेंचुराला सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत, म्हणून बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करायचे नाहीत असं ठरवून घेतलं आहे.