मेदाच्या गाठीची ओळख



पोटात गाठ आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. गाठ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच रोग उभा राहतो. पण साऱ्याच गाठी वैरी नसतात. अशाच एका गाठीची ही हकिकत.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. युस्टाची या इटालियन पंडिताने १५६४ सालच्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. पण त्यांचे काम काय, हे कोणाला उमगेना. फ्रान्समधील बोर्दोच्या विद्वत्सभेने यावर निबंध मागवले. १७१८ साली माँतेस्क्यू यांनी ते तपासले आणि एकालाही बक्षीस दिले नाही. श्रमांनी जे साधले नाही ते एखादे दिवशी योगायोगच साधेल, असे ते म्हणाले! पुढे १८५५ मध्ये लंडनच्या डॉ. टॉमस ॲडिसन यांनी दाखवले की, या ग्रंथी बिघडल्या की माणूस खंगतो, कातडी काळवंडते.

१९०५ साली फॉन गीर्के या जर्मन डॉक्टरांनी या ग्रंथीतल्या एका निराळ्याच गाठीचे वर्णन केले. तीत चरबी होती, आणि हाडांच्या पोकळीत रक्त तयार करते तशी मज्जाही होती. १९२९ मध्ये ओबरलिंग यांनी तिचे नाव मज्जा आणि मेद यांवरून ठेवले. तेच आजचे ‘मायलोलिपोमा’. त्या काळी ती बहुधा शवविच्छेदनातच सापडे.

मग १९७१ साली लंडनमध्ये हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याची तपासणी झाली. क्ष-किरण कोठे किती अडतात, हे यंत्र मोजते. पाण्याचे माप शून्य धरले, तर चरबीचे उणे शंभराच्या आसपास येते. म्हणून या ग्रंथीतल्या गाठीत चरबी स्पष्ट दिसली, की बहुतेक वेळा चिरफाड न करताच तिची ओळख पटते.

आता दुसऱ्याच दुखण्यासाठी तपासणी करताना ही गाठ योगायोगाने दिसते. ती कर्करोग नव्हे. लहान असली, त्रास नसला, तर सहसा कापावी लागत नाही. ग्रंथीचे स्राव ठीक आहेत ना, हे मात्र रक्त-लघवी तपासून डॉक्टर पाहतात. गाठ फार मोठी झाली किंवा दुखू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. क्वचित तीत रक्तस्रावही होतो. म्हणून कुशीत एकाएकी असह्य कळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता इस्पितळ गाठावे.

तेव्हा मंडळी, गाठ ऐकून धीर सोडू नका, आणि तपासणीही टाळू नका. आधी विचारा, गाठ कसली?