शरीरसौष्ठव आणि आरोग्याचे गुण

गेल्या वर्षी आपल्या उत्सवात ढोल वाजवणाऱ्या माझ्या भाच्याने प्रसादाचा मोदक हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. "मामा, स्पर्धा आहे," एवढेच म्हणाला. महिनाभराने त्याच जिल्हा पातळीवरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत तो रंगमंचामागे चक्कर येऊन पडला. कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने भात-पोळी केव्हाच सोडली होती. स्नायू अधिक रेखीव दिसावेत म्हणून शेवटचे दोन दिवस पाणीही जवळजवळ बंद केले होते. रात्रभर सलाइन लावावे लागले. उशाशी बसलो असताना मनात आले, ही स्पर्धा ज्यांनी सुरू केली त्यांना हेच अभिप्रेत होते काय? म्हणून थोडा इतिहास चाळला. तोच येथे मांडतो.

शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजीन सँडो याने भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईलही होते. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजयी ठरला. महत्त्वाचे म्हणजे गुण केवळ स्नायूंच्या आकाराला नव्हते. सर्वांगीण वाढ, अवयवांचा समतोल, स्नायूंची स्थिती, त्वचेची स्थिती आणि सर्वसाधारण आरोग्य अशा पाच कसोट्या होत्या. म्हणजे आरोग्य हा स्पर्धेचाच एक भाग होता!

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, पण त्याची पद्धत आपल्याकडे त्याआधीच पोहोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोचे पुस्तक व साधने मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. माझे वडील त्यांपैकीच एका शाळेत शिकले. पुढे साठी उलटली तरी त्यांचे पहाटेचे नमस्कार चुकले नाहीत. स्पर्धा कसली ती त्यांना ठाऊक नव्हती.

आता आपण ज्या कोलकात्यात राहतो तिथली गोष्ट. १९५१ मध्ये मनतोष राय यांनी लंडनच्या 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत आपल्या गटाचा किताब मिळवला. त्याच वर्षी मनोहर आईच दुसरे आले. ते परत न येता लंडनलाच राहिले, ब्रिटिश रेल्वेत नोकरी करून वर्षभर तयारी केली आणि १९५२ मध्ये आपल्या गटात पहिले आले. उंची अवघी चार फूट अकरा इंच! आधी रॉयल एअर फोर्समध्ये असताना त्यांनी एका ब्रिटिश अधिकाऱ्याला थप्पड मारली आणि तुरुंगवास ओढवून घेतला. तुरुंगात साधने नव्हती, तेव्हा निव्वळ शरीराच्या वजनावर ते तासन्‌तास व्यायाम करीत. ते पाहून तुरुंगाधिकाऱ्यांनी त्यांना वेगळा खुराक सुरू केला. सुटल्यावर पोटासाठी त्यांनी सियालदह स्टेशनवर शहाळीही विकली. आहार म्हणाल तर भात, डाळ, भाज्या, मासे, दूध, फळे. आणि बंगाल्यांचा आवडता पान्ताभात, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. दारू-सिगारेट कधी नाही. १९१२ चा जन्म आणि २०१६ मध्ये मृत्यू, वयाच्या १०४ व्या वर्षी.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवे. मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला व्यावसायिक स्पर्धक ऑक्टोबर १९९२ मध्ये हॉलंडमधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच वारला. वय ३३. शरीरातले पाणी काढून टाकण्याचा अघोरी प्रकार त्याला भोवला.

आपल्या तालमीतला खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, हा कुस्तीसाठी. तिथे वजन आणि ताकद हवी. सौष्ठवाच्या स्पर्धेत त्वचेखालची चरबी उतरवून स्नायू मात्र राखायचे असतात, म्हणून हिशेब वेगळा. तो उपासमारीने जमत नाही. चार-पाच महिने हाताशी ठेवून आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरवावे, वजनाचा व्यायाम चालू ठेवावा, झोप मोडू नये. शरीराच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळीत जे कमी ते भातात असते आणि भातात जे कमी ते डाळीत, म्हणून आपला वरणभात काही वैरी नव्हे. प्रमाण तेवढे सांभाळावे. जोडीला अंडी, मासे, दही, मोड आलेली मटकी घ्यावी. आणि पाणी? स्नायूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. ते तोडले तर स्नायू भरीव दिसण्याऐवजी सुकतात आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच.

भाचा यंदा पुन्हा स्पर्धेत उतरतो आहे. मी अडवले नाही. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली, आहाराची वही घातली, पाण्याची बाटली सतत जवळ असते. नंबर येईल की नाही, बाप्पालाच ठाऊक.

कार्यकारिणीला एकच विनंती. उत्सवातल्या तरुणांच्या स्पर्धांत यंदा सूर्यनमस्कारांची स्पर्धाही ठेवावी, आणि सँडोने ठेवले होते तसे आरोग्याचेही गुण ठेवावेत. राहता राहिला मोदक. भाच्याच्या वहीत चतुर्थीच्या पानावर तो मी आधीच लिहून ठेवला आहे. एकच, पण तुपासकट!

गणपती बाप्पा मोरया!