लाल शाई आणि दुसरा खर्डा
अमेरिकेतील माध्यमिक शाळांत निबंध लिहून घेण्याची पद्धत जुनी आहे; लिहिलेल्या निबंधाचा पुन्हा विचार करायला शिकवण्याची पद्धत मात्र बरीच अलीकडची. मधली सुमारे शंभर वर्षे निबंध सुधारणे म्हणजे शिक्षकाने चुका दाखवायच्या आणि मुलांनी त्या दुरुस्त करून स्वच्छ प्रत काढायची, असेच मानले जात होते.

याची मुळे हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत आहेत. 1874 पासून तेथे प्रवेशासाठी नेमलेल्या साहित्यकृतींवर छोटा इंग्रजी निबंध लिहावा लागू लागला. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि शब्दयोजना निर्दोष हवी, अशी अट होती. मांडलेले म्हणणे पटते का, त्याला आधार काय, हे त्या अटीत नव्हते. पुष्कळ मुले नापास होत राहिली. 1892 मध्ये हार्वर्डच्या देखरेख मंडळाच्या समितीने त्याचे खापर शाळांवर फोडले. शाळांनीही मग परीक्षेला लागते तेच शिकवले. एडविन वूली यांच्या 1907 च्या लेखन-मार्गदर्शिकेत नियमांना क्रमांक दिलेले होते. शिक्षकाने समासात आकडा टाकायचा, मुलाने पुस्तकातला तो नियम काढून वाक्य बदलायचे.

यात एकट्या शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद 1911 मध्ये स्थापन झाली. पुढच्याच जानेवारीत निघालेल्या ‘इंग्लिश जर्नल’च्या पहिल्या अंकात एडविन हॉपकिन्स यांनी विचारले, की सध्याच्या परिस्थितीत लेखन नीट शिकवणे शक्य आहे का? त्यांचे उत्तर नकाराचे होते. वह्यांचा ढीग एवढा असे, की एकदा तपासून होणेच कठीण. तिथे दुसरा खर्डा कोण वाचणार?

1963 मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन तपासले. सुटे व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात जात असल्याने नुकसानही होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. खरा धक्का 1971 मध्ये जेनेट एमिग यांनी दिला. त्यांनी शिकागो परिसरातील बारावीच्या आठ मुलांना मोठ्याने विचार बोलत लिहायला सांगितले. शाळेसाठी लिहिलेल्या मजकुराकडे ही मुले आपणहून क्वचितच परत वळत होती. स्वतःसाठी लिहिताना मात्र फेरविचार करत होती. म्हणजे पुनर्लेखन त्यांच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. शाळेने त्यांना तसे करण्याचे कारणच दिले नव्हते.

पत्रकारितेतून अध्यापनात आलेले डोनाल्ड मरे यांनी 1972 मध्ये लेखन ही प्रक्रिया म्हणून शिकवावी असा आग्रह धरला. 1980 मध्ये नॅन्सी सॉमर्स यांनी शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले वीस विद्यार्थी आणि वीस मुरलेले लेखक यांची तुलना केली. प्रत्येकाने तीन निबंध लिहिले, त्यांपैकी एक मतप्रतिपादनाचा होता, आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थ्यांनी मुख्यतः शब्द बदलले. सुधारणे म्हणजे अधिक चांगला शब्द शोधणे, अशी त्यांची समजूत होती. अनुभवी लेखक आधी युक्तिवादाला आकार आला आहे का, ते पाहत. त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद हलवत किंवा टाकून देत. दोन वर्षांनी सॉमर्स यांनी पस्तीस शिक्षकांचे शेरे तपासले, तेव्हा त्या समजुतीचा उगमही दिसला. एकाच परिच्छेदात ‘हे वाक्य आटोपशीर करा’ आणि ‘हा मुद्दा आणखी विस्ताराने मांडा’ असे दोन्ही शेरे होते. जे वाक्य कदाचित राहणारच नाही, ते घासूनपुसून घेण्यात काय अर्थ?

युक्तिवादाच्या निबंधाला ही अडचण सर्वांत जास्त बोचते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 मध्ये युक्तिवादाचे घटक वेगळे करून दाखवले होते: दावा, आधार, त्या दोहोंना जोडणारे गृहीत, संभाव्य आक्षेप. पुढे ही मांडणी शाळेच्या वर्गात पोहोचली आणि खर्डा तपासण्याचे हत्यार ठरली. ‘मुलांना झोप पुरत नाही, म्हणून शाळा उशिरा भरावी’ असे एखाद्या मुलीने लिहिले, तर शिक्षक स्वल्पविरामाकडे न जाता विचारतो: शाळा उशिरा भरली म्हणजे मुले जास्त झोपतील, हे कशावरून? शाळेच्या बसचे वेळापत्रक, संध्याकाळी नोकरी करणारी मुले यांचे काय? उत्तर शोधताना दावाच बदलतो आणि त्याबरोबर सुरुवात, क्रम, शेवट सगळेच नव्याने लिहावे लागते. खऱ्या अर्थाने पुनर्लेखन म्हणतात ते हेच.

हे वळण वर्गांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय बे एरिया रायटिंग प्रोजेक्टला जाते. 1974 मध्ये बर्कली येथे जेम्स ग्रे यांनी पंचवीस शिक्षकांना उन्हाळी शिबिरासाठी बोलावले. तिथे शिक्षक स्वतः लिहीत, एकमेकांना वाचून दाखवत, पुन्हा लिहीत. ज्याने स्वतःचा खर्डा मोडून पाहिला आहे, तोच दुसऱ्याला ते शिकवू शकतो, ही त्यामागची धारणा होती. यातूनच नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट उभा राहिला. त्याच्या युक्तिवाद-लेखनाच्या कार्यक्रमाची पाहणी पुढे दहा राज्यांतील ग्रामीण भागात झाली, आणि तेथील मुलांच्या निबंधांत सुधारणा दिसली.

परीक्षा मात्र या सगळ्याला सहज जुळल्या नाहीत. 2005 मध्ये एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत आलेला निबंध 25 मिनिटांत संपवायचा असे. उलट 2010 च्या कॉमन कोअर या सामायिक शालेय मानकांनी युक्तिवाद आणि पुनर्लेखन या दोन्हींना स्पष्ट स्थान दिले. 2021 मध्ये एसएटीतला निबंध बंद झाला. शाळेतच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी असलेल्या एपी इंग्रजी भाषेच्या परीक्षेत मात्र आजही सव्वादोन तासांत तीन निबंध लिहावे लागतात.