खरकट्यापासून बायोगॅस

उरलेले शिजवलेले अन्न, ताटातले उष्टे, भाजीची देठे-साली, नासकी फळे आणि किडके धान्य हवाबंद टाकीत जिवाणूंकडून कुजवून त्यापासून जळाऊ वायू व खत मिळवण्याची पद्धत. वायूत मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असतात. थोडी वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइडही असतो. शेणावरच्या गोबर गॅसची ही शहरी धाकटी बहीण असून तिच्या जडणघडणीत पुणे आणि मुंबई येथील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

हेच कुजणे कचरा डेपोतही चालते. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, मिथेन तयार होतो आणि मोकळा सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापमानवाढीची क्षमता, वजनास वजन धरल्यास, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट मानतात. डेपोंना वारंवार लागणाऱ्या आगींमागेही हा वायू असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न दुकाने, खानावळी आणि घरांतून वाया गेले. त्यातला सुमारे 60 टक्के भाग घरांतला. भारतातल्या घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला 55 किलोग्रॅम आहे. या मोजणीत साली आणि हाडेही धरलेली असतात, त्यामुळे सगळे 55 किलो खाण्याजोगे होते असे समजण्याचे कारण नाही.

सेंद्रिय पदार्थ कुजवून वायू मिळवण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून मिळवलेला वायू वापरात होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे गोबर गॅस संयंत्र घडवले आणि 1960 नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेला बायोगॅस रुजवला. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या प्रवासात खरकटे मात्र बाजूलाच राहिले. ते गाई-म्हशींच्या आंबोणात जात असे आणि शेणाच्या रूपाने टाकीत पोचत असे.

हा वळसा अनावश्यक आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवले. शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना पिष्ट, साखर, प्रथिने थेट मिळाली तर काम लवकर आणि थोड्या मालात होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी 1996 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने 2003 च्या सुमारास गच्चीवरच्या पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या एकीत दुसरी उपडी अशा बसवून घरगुती संयंत्र तयार केले. दोन किलो पिष्टमय मालापासून सुमारे 500 ग्रॅम मिथेन, तोही एका दिवसात, असा संस्थेचा दावा होता. तेवढ्याच वायूसाठी शेण 40 किलो आणि अवधी 40 दिवस लागतो, अशी तुलना ती देई. या कामासाठी संस्थेला 2006 मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. रसायनशास्त्राने पाहिल्यास दोन किलो कोरड्या पिष्टातून जास्तीत जास्त 590 ग्रॅमच्या आसपास मिथेन निघू शकतो. म्हणजे हा दावा कमाल मर्यादेच्या अगदी जवळचा आहे आणि तो कोरड्या पिठालाच लागू पडावा. शिजलेल्या भातात दोनतृतीयांश पाणी असते, पालेभाजीत त्याहून जास्त. किलोभर मिश्र ओल्या कचऱ्यापासून प्रत्यक्षात 100 लिटरच्या आसपास बायोगॅस मिळाला तरी समाधान मानावे. चौघांच्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होत नाही, एखाद-दुसरा चहा होतो.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे (पद्मश्री, 2013) यांचे ‘निसर्गऋण’ संयंत्र घरापेक्षा मोठ्या संस्थांसाठी आहे. त्यात कचऱ्याचा आधी लगदा करतात. पहिल्या टाकीत हवा खेळवून आणि सौर बंबाचे गरम पाणी सोडून उष्णताप्रेमी जिवाणूंकडून तो पचवतात. मग तो हवाबंद टाकीत जातो. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग पहिल्याच टप्प्यात निघून जात असल्याने वायूतले मिथेनचे प्रमाण वाढते. उपाहारगृहे, रुग्णालये, वसाहती, तसेच वाहनबंदी असलेले माथेरान अशा ठिकाणी ही संयंत्रे बसली. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ कार्यक्रमातून कचरावेचक स्त्रियांनी ती चालवण्याचे प्रशिक्षण घेतले. डेपोच्या ढिगावर काच-भंगार वेचणारी बाई झडपा, दाब आणि आम्लता सांभाळू लागली, हा या तंत्राच्या सामाजिक बाजूचा सर्वांत ठळक पुरावा मानावा लागेल.

टाकीतले काम जिवाणूंच्या टोळ्या एकामागून एक करतात. काही पिष्ट आणि प्रथिने फोडतात, काही त्यांची आम्ले करतात, शेवटचे मिथेनकारी त्या आम्लांवर जगतात. मिथेनकारी सर्वांत संथ आणि नाजूक असतात. खरकटे भराभर फुटते, आम्ल साचते आणि मिथेनकारी थंडावतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घमेलीच्या घमेली जिलबी ओतली की टाकी ‘आंबते’: वास उग्र होतो, शेगडी पेटत नाही. अशा वेळी भरणा थांबवायचा, थोडा चुना किंवा ताजे शेण घालायचे आणि वाट पाहायची. शेणात जिवाणूंचे विरजण असल्याने नवे संयंत्रही शेणानेच सुरू करतात. थंडीत वायू घटतो. करवंट्या, हाडे, अंड्यांची टरफले, कांद्याची साले, लिंबाचे ढीग घालू नयेत. काही कुजत नाहीत, काही जिवाणूंना मारक ठरतात. बाहेर पडणारी पातळ मळी झाडांना चालते, पण भरपूर पाणी मिसळूनच. गळक्या टाकीतून मिथेन सुटत राहिला तर मात्र पर्यावरणाचा लाभ उरत नाही.

मोठे प्रकल्प अडले ते बहुधा वर्गीकरणाशी. पुण्याचा कचरा जिथे टाकला जाई त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांच्या आंदोलनांनी पुण्याचा कचरा पुण्यातच जिरवण्याचा प्रश्न उभा केला. महापालिकेने ठिकठिकाणी बायोगॅस प्रकल्प उभारले, पण त्यांतले अनेक क्षमतेपेक्षा कमी चालले. ओल्या कचऱ्यात पिशव्या, चमचे, कापड आले की लगदायंत्र बंद पडते. हाताने कचरा वेगळा करणारे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे सभासद नसते तर हे चित्र आणखी बिघडले असते. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. नंतरचा ओघ मोठ्या संयंत्रांकडे आहे: इंदूरमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेऊन वाहनांसाठी दाबयुक्त वायू देणारा प्रकल्प सुरू झाला.

अन्न वाया गेल्यावर करायच्या गोष्टींत बायोगॅसचा क्रम खालचा आहे. आधी जादा शिजवू नये, उरलेच तर माणसांना द्यावे, मग जनावरांना, नंतर टाकीला. मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये सुरू केलेली रोटी बँक दुसऱ्या पायरीची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये जादा अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र विनियम केले. घरच्या शिळ्या पोळीचा कुस्करा आणि फोडणीचा भात यांना नियमांची गरज पडली नव्हती. किलोभर तांदळाचा सगळा वायू झाला तरी तो फार तर तीनशे ग्रॅमच्या आसपास एलपीजीइतका भरतो. त्या किलोमागे शेतात हजारो लिटर पाणी खर्च झालेले असते. संयंत्र बसवून उष्ट्याचा अपराध धुऊन निघतो, असा समज कॅन्टीनमध्ये पसरू नये यासाठी टाकीत जाणारे अन्न रोज वजन करून आचाऱ्याला कळवणे उपयोगी पडते. वजन घटले की वायूही घटतो, आणि संयंत्राच्या देखभालीचा खर्च भरून निघत नाही म्हणून व्यवस्थापक कुरकुरतो. साली, देठे आणि चहाचा चोथा यांवर चालेल एवढीच टाकी आधीपासून घेतलेली असेल, तर ही अडचण येत नाही.