पऱ्हाटीचं वजन येतं कुठून?

विदर्भातल्या ढाणकीच्या शिवारात कपाशीची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लागतात. चुलीत घातली की मोळीभर पऱ्हाटीची मूठभर राख उरते. एवढं लाकूड आलं कुठून? काळ्या मातीतून, असंच कुणीही म्हणेल. युरोपातले पंडितही शतकानुशतकं तेच म्हणत होते.

ब्रसेल्सच्या व्हान हेल्माँटनं या उत्तराला तराजू लावला. कुंडीत 200 पौंड कोरडी माती, 5 पौंडांचं विलोचं रोप, वर फक्त पाणी. 5 वर्षांनी झाड भरलं 169 पौंड. माती घटली जेमतेम 2 औंस. झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवलं. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण 1648 साली छापलेला हा हिशेब पुढच्या सगळ्यांना पुरला. 1771 मध्ये प्रीस्टलीला दिसलं, की मेणबत्तीनं बिघडवलेली हवा पुदिना सुधारतो. 1779 मध्ये इंगेनहाउझनं दाखवलं, की हे काम हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच. 1804 मध्ये द सोस्यूरनं मोजून सांगितलं, की वजनात हवेतला कार्बनही आहे आणि पाणीही. चुलीतली राख तेवढी मातीची. मातीतलं नत्र बहुतेक धुरावाटेच निसटतं.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आर. एच. दस्तूर यांनी 1920च्या दशकात पानातल्या पाण्याचा प्रकाशसंश्लेषणाशी असलेला संबंध तपासला. पुढे ते कपाशीकडे वळले. पंजाबात बोंडं नीट न उकलण्याचा 'तिरक' विकार होता. त्याचं मूळ त्यांना नत्र कमी असलेल्या आणि खालून खारवट असलेल्या जमिनीत सापडलं. वजन हवा-पाण्याचं असलं तरी मातीशी भांडून चालत नाही!

कार्बन पानात शिरल्यावर त्याचं काय होतं, हे केल्विन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शोधलं. केल्विनला 1961 चं नोबेल मिळालं. पहिला पदार्थ तीन कार्बनांचा, असं ठरलं. हवाईच्या उसानं मात्र ऐकलं नाही. त्याच्या पानात आधी चार कार्बनांची आम्लं दिसत होती. ते निष्कर्ष 1965 मध्ये छापून आले आणि लगेच ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी त्यांचा उलगडा केला. उसाच्या पानात शिरांभोवती खास पेशींचं कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन धरतात आणि आम्लाच्या रूपात आत पोचवतात. त्यामुळे आत त्याची दाटी होते, आणि उन्हाच्या तडाख्यात कार्बनऐवजी चुकून ऑक्सिजन पकडण्याचा तोटा टळतो. पाणीही कमी खर्ची पडतं.

ढाणकीच्या उमरखेड तालुक्यात तीन कार्बनांची आणि चार कार्बनांची, अशा दोन्ही घराण्यांची पिकं आहेत. पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे लागलेला ऊस आणि ज्वारी चार कार्बनांच्या घराण्यातली. कपाशी, सोयाबीन, तूर, हळद तीन कार्बनांच्या. कोरडवाहू रानाला आणि विदर्भाच्या उन्हाला पानाच्या घडणीनं जास्त साजेशी ज्वारीच. तरी तिची जागा कपाशी-सोयाबीननं घेतली. पान काय करतं हे पेरणी ठरवताना कोण पाहतो? भाव पाहतात, कणसावर बसणारी पाखरं पाहतात. ज्वारी कमी झाली तसा गुरांचा कडबाही महागला.