लेप्रेकॉन दल

आयरिश लेखक ओएन कोल्फर यांच्या ‘आर्टेमिस फाउल’ या कुमार कादंबरीमालेतील (८ कादंबऱ्या, २००१–२०१२) परीलोकाच्या पोलिसांची टेहळणी तुकडी. आयरिश लोककथांतला लेप्रेकॉन हा एकटा राहून जोडे शिवणारा बिलंदर बुटका. त्याला धरले तर सोन्याचा हंडा मिळतो. पण नजर जरा हटली की स्वारी पसार. कोल्फर यांनी त्याला गणवेश चढवला. त्यांच्याकडे लेप्रेकॉन ही जात नसून नोकरी आहे: दलाची इंग्रजी आद्याक्षरे एलईपी, त्यांना ‘रेकॉन’ म्हणजे टेहळणी जोडली की झाले नाव.

माणसांना कंटाळून परीलोक जमिनीखाली, हेवन या शहरात गेलेला आहे. तिथून लाव्हाच्या उसळीवर स्वार झालेल्या यानातून अधिकारी वर येतात. जादू आहे, पण ती संपते, आणि पुन्हा भरण्याचा विधी ठरलेला: पौर्णिमेला, नदीच्या वळणावरच्या जुन्या ओकची बी उचलून दुसरीकडे पेरायची. माणसाच्या घरात बोलावल्याशिवाय शिरता येत नाही. गंमत आहे ती या नियमांत. तुकडीतली कॅप्टन हॉली शॉर्ट हा विधी लांबणीवर टाकते, आणि नेमकी त्या ओकपाशीच कथेचा नायक, बारा वर्षांचा आर्टेमिस तिला पळवतो. खंडणी एक टन सोने. म्हणजे कथा जुनीच, फक्त हंड्याच्या जागी पोलीस खाते पैसे मोजणार. कोठडीत हॉलीला बुटात अडकलेली बी सापडते. लोखंडी पलंग आपटून आपटून ती फरशीचे काँक्रीट फोडते, खालच्या मातीत बी खुपसते आणि जादू परत मिळवते. सुटका मंत्राने नव्हे, नियमाच्या फटीतून होते.

दलातली माणसेही (शब्द चालवून घ्यावा) सरकारी कचेरीत शोभणारी आहेत: सिगार ओढत लालबुंद होणारा कमांडर रूट, तंत्रज्ञान सांभाळणारा संशयी सेंटॉर फोली. हॉली ही टेहळणी तुकडीतली पहिली स्त्री अधिकारी. म्हणूनच रूट तिला इतरांपेक्षा कडक कसोटी लावतो.

या मालेवरच्या, केनेथ ब्रॅना दिग्दर्शित चित्रपटात (डिस्ने प्लस, २०२०) रूटची भूमिका ज्युडी डेंच यांना दिली. डेंच उत्तम अभिनेत्री आहेत, पण वरिष्ठच स्त्री झाल्यावर हॉलीच्या पहिलेपणाला अर्थ उरला नाही, आणि त्याबरोबर दोघांमधला मूळ ताणही गेला.